वालूर, सेलू आणि ‘जर्मन’ पाठीचा टॅब

परभणी जिल्ह्यात चाललेय म्हटलं की संभाजीनगरातले लोक हमखास विचारतात, “तिकडं बघायला काय आहे?” मी काही बघायला निघालेच नव्हते. माझी चुलतबहीण कमळाक्का वालूरच्या पुढे शेतवस्तीवर राहते. तिचा फोन आला, “पुष्पे, उद्याच्या उद्या निघ. वैशालीचा टॅब मेलाय अन् परवा दुपारी दोनला तिची परीक्षा हाय.”

वैशाली ही कमळाक्काची थोरली. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी कोरडवाहू शेती. गावोगाव जाऊन जनावरांना लस टोचायची, औषधपाणी करायचं, असा सहा महिन्यांचा कोर्स तिनं घरी बसून केला होता. टॅब कोर्सवाल्यांनीच दिलेला आणि शेवटची परीक्षा फक्त त्याच टॅबवर उघडणार, दुसऱ्या कुठल्या फोनवर नाही. त्याला सिमकार्डाची जागाच नाही, त्यामुळे वायफाय मिळालं तरच नेट. आणि गेले पंधरा दिवस त्याला एकही वायफाय दिसत नव्हतं. परीक्षा हुकली तर पुढची वर्षभरानं. “तवर तिचे काका काय गप बसणार न्हाईत, स्थळं आणायलेत,” हे कमळाक्कानं आवाज बारीक करून सांगितलं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. प्रिंटर अडला, नेट गेलं की सगळे “पुष्पाताई” म्हणून ओरडतात. त्यामुळे हा फोन आला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू! बॅगेत दोन ड्रेस, चार्जर आणि भरपूर आत्मविश्वास भरून मी निघाले.

सकाळच्या गाडीनं जालना, परतूर करत सेलूला उतरायचं. साधारण अडीच-तीन तास, जनरलचं तिकीट अगदी किरकोळ, पण जागा मिळेल या भरवशावर राहू नका. थंडीचे दिवस होते, सेलूत कापसाच्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकलेला. स्टेशनबाहेरून वालूरला टमटम मिळते. ती ‘भरली’ म्हणजे काय, याचा अर्थ फक्त चालकाला ठाऊक असतो. मी चौदा माणसं मोजली आणि मग मोजणं सोडलं.

वालूरला मात्र अर्धा तास काढाच. तिथली बारव बघा. पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, गोल फिरत फिरत उतरतात. तळाकडं बघून मला गरगरलं, तेव्हा मी काठावरच बसून शेंगा खाल्ल्या. तिथंच दाजी, म्हणजे कमळाक्काचे यजमान, मोटारसायकल घेऊन न्यायला आले.

“या मेव्हणीबाई! डॉक्टर आलं म्हणायचं आमच्या टॅबाचं!”

“फी लागेल, दाजी.”

“देऊ की. एक बोकड बांधून देतो मागं, न्या गाडीतून.”

वस्तीवर पोचताच ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यात तिखट-मीठ-तेल घालून कालवलेला घोळाणा समोर आला. ज्यांनी घोळाणा खाल्ला नाही त्यांनी थंडीत या भागात नुसता त्याच्यासाठी यावं. पण वैशालीचा घास काही उतरत नव्हता. ती माझ्या हाताकडंच बघत होती. मी हात धुतले आणि टॅब घेतला.

टॅब काळ्या रेक्झिनच्या जाडजूड खोळीत चक्क शिवून टाकलेला होता. समोर स्क्रीन उघडी, चार्जिंगला भोक, बाकी मेणदोऱ्याची भक्कम शिवण. वजन पाटीइतकं.

“हे काय?”

वैशाली म्हणाली, “मावशी, पंधरा दिवसांमागं मेंढरांच्या वाड्यात एकीनं धडक दिली अन् टॅब दगडावर पडला. कोपरा चिरला. मग अप्पांनी वालूरहून ही खोळ शिवून आणली.”

“साधी न्हाई,” दाजी अभिमानानं म्हणाले, “आतून जर्मनची पाठ बसवलीय. आता हत्ती पडू द्या त्याच्यावर.”

जर्मन म्हटल्यावर मी मान डोलावली. चांगल्या कंपनीचं दिसतंय, एवढंच मनात आलं. शिवाय दुखणं पडल्यापासूनचं, हे सगळ्यांनीच सांगितलं होतं. मग मी माझं सगळं ज्ञान पाजळलं. टॅब बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह दाबलं गेलंय का पाहिलं, नव्हतं. माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून फोन अगदी शेजारी ठेवला. वैशालीचा भाऊ त्याचा फोन घेऊन आला, त्याचाही हॉटस्पॉट लावला. टॅब आपला म्हणतोय, ‘एकही नेटवर्क उपलब्ध नाही’. नेटवर्कच्या सेटिंग पुसून पहिल्यासारख्या केल्या. तरी तेच.

शेवटी मी पूर्ण टॅब कोरा करायच्या बटणापर्यंत गेले. बोट टेकणार, तेवढ्यात वैशालीनं माझं मनगट धरलं.

“मावशी, नको! परीक्षेचं सगळं आतच हाय. ते गेलं तर परत टाकायला नेटच लागतंय.”

मला घाम फुटला. त्या पोरीनं हात धरला नसता तर तिचं वर्ष मीच बुडवलं असतं. मी टॅब खाली ठेवला आणि म्हटलं, “उद्या सकाळी सेलूला दाखवू.” ऑफिसातली पुष्पाताई तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी दाजी, वैशाली आणि मी सेलूला आलो. मेंढ्यांची लोकर कातरायची मोठी कातर धार लावायला दाजींनी पिशवीत घेतली होती. एका खेपेत दोन कामं. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस टॅब हातात न घेताच म्हणाला, “पडला होता ना? मग आतला वायफायचा पार्ट गेला. ठेवून जा, आठ दिवस.” वैशालीनं टॅब उचलून छातीशी धरला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. तेव्हा बारा वाजून गेले होते.

दाजी तिच्याकडं बघायला तयार नव्हते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मेंढरं मी नीट बांधली असती तर पडला नसता. माझ्यामुळंच झालं.” नेहमी थट्टा करणारा माणूस असं बोलत होता. मी म्हटलं, “चहा घेऊ आधी.”

शेजारीच टपरी होती. मालकीणबाई आत बघून ओरडल्या, “अहो, ती स्टीलची नको, जर्मनची किटली द्या, मोठी!”

आणि आतून आली ती काळवंडलेली, पोचे आलेली ॲल्युमिनियमची किटली.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जर्मनची पातेली होती, जर्मनचा डबा होता. ॲल्युमिनियमला सगळं गाव जर्मनच म्हणायचं. मी हा शब्द ऐकत लहानाची मोठी झाले आणि शहरात जाऊन त्याचा देश करून बसले!

“दाजी, ती पाठ जर्मनची म्हणजे... पातेल्याच्या जर्मनची?”

“मग काय त्या देशातून आणू? जुनी परात व्हती, ती ठोकून सपाट केली. कडा पण दुमडल्यात चारी बाजूंनी, चिरू नये म्हणून.”

“अहो, मग त्या टॅबाला तुम्ही डब्यात बंद केलंय! पत्र्यातून वायफाय जात नाही!”

दाजींनी पिशवीतून कातर काढली. सकाळीच धार लावून घेतलेली. पण शिवणीजवळ नेल्यावर त्यांचा हात थांबला. “वैशे, तूच काप,” ते म्हणाले. तिनं एकेक टाका कचाकच कापला. रेक्झिन सुटलं, परातीचा पत्रा खणकन खाली पडला आणि आतून चिरलेल्या कोपऱ्याचा बारीकसा टॅब बाहेर आला.

स्क्रीनवर नावं उगवायला लागली. आधी एक, मग तीन, मग सात. कुणा दुकानाचं, कुणाच्या घरचं, एकानं तर वायफायचं नावच ‘पासवर्ड मागू नये’ ठेवलेलं. मी माझा हॉटस्पॉट चालू केला, तर सर्वांत वर ‘पुष्पा’.

“मावशी, दिसलं! सगळं दिसायलंय!” वैशाली एवढ्या जोरात ओरडली की टपरीवरचे सगळे वळले. मी रडले. हो, सेलूच्या भर रस्त्यावर, हातात चहाचा कप घेऊन रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

परीक्षा तिथंच झाली. टपरीमागच्या खोलीत मालकीणबाईंनी बाक मोकळं करून दिलं, माझा फोन शेजारी चार्जिंगला लावला आणि दीड तास त्या भागात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही. आम्ही बाहेर भजी खाल्ली. दाजींनी एकही खाल्लं नाही. वैशाली बाहेर आली, म्हणाली, “एक प्रश्न चुकला असंल. मेंढीच्या खुरांचा मात्र लय भारी लिहिला.” मग दाजींनी अख्खी प्लेट संपवली.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, बारव बघा, घोळाणा खा. आणि वायफाय दिसत नसलं तर माझ्यासारखं सेटिंगमध्ये शिरण्याआधी कव्हर काढा. त्याहीआधी, समोरचा माणूस काय सांगतोय ते त्याच्या शब्दात समजून घ्या. माझा ताठा सेलूतच उतरला आणि बरं झालं उतरला.

परवा दाजींचा फोन आला. ते कधी स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी ऑफिसातून धावत बाहेर गेले.

“मेव्हणीबाई, पोरगी पास झाली. अन् आज बोरीहून पहिलं बोलावणं आलंय, चाळीस शेळ्यांना लस टोचायची.”

“आणि तुमचा आवाज असा का येतोय? धापा टाकताय का?”

“मग! कालपासून घरच्याच शेळ्यांवर सराव चाललाय, मी तिच्या हाताखाली हाय. ती म्हणती, अप्पा, शेळी नीट धरा, हलू देऊ नका. मी धरायलोय.”