सुटलेल्या टाचण्या

"हा काय कचरा आणलास?" असं म्हणत परीक्षक सरांनी माझा विद्युतचुंबक दोन बोटांनी उचलला. मेलेला उंदीर उचलावा तसा.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन. नाशिकमधली नावाजलेली शाळा. मी नववीत. आमच्या वस्तीतून तिथे मी एकटीच.

माझे अण्णा बांधकामावर सळया बांधायचे. त्यासाठी लागते ती तार नरम लोखंडाची, हाताने वळणारी. घरी आले की त्यांच्या खिशातून तिचे तुकडे पडायचे. आधी मी पोलादी खिळा वापरून पाहिला होता. सेल काढला तरी टाचण्या चिकटलेल्याच. मग अण्णांनी तार वाकवून दाखवली. "ही बघ, लय मऊ." तिचे सारखे तुकडे कापले, जुडी बांधली, वर कागद, त्यावर तांब्याची तार गुंडाळली. सेल जोडला, टाचण्या धरल्या. काढला, सगळ्या खाली. मी नाचले होते घरभर.

शेजारच्या टेबलापाशी एका कारखानदाराचा मुलगा. त्याचा विद्युतचुंबक जाडजूड पोलादी बोल्टाचा. वीज बंद केली तरी टाचण्या लोंबकळत राहिल्या. सर खूश. "याला म्हणतात पकड! हिच्या बघा, गळून पडल्या."

मी म्हटलं, "सर, वीज बंद केल्यावर सुटायलाच पाहिजेत. नाहीतर चुंबकाच्या क्रेनने उचललेलं लोखंड खाली कसं ठेवणार?"

सरांचा चेहरा लाल. "फीच्या सवलतीवर आत येता आणि आम्हाला शिकवता? माफी माग."

अण्णा दारात उभे होते. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेले, अंगावर सिमेंट. त्यांनी हात जोडले. "चुकलं सायेब. पोरीला कळत नाय."

काय चुकलं होतं? सरांपेक्षा मला अण्णांचाच राग आला. त्या रागाची आजही लाज वाटते.

"मी माफी मागणार नाही," मी म्हटलं. "माझं बरोबर आहे."

माझं नाव यादीतून खोडलं. बोल्टाला पहिला नंबर.

यातून पुढे काही बदललं, असं समजू नका. डिप्लोमा करूनही मी सिन्नरच्या एमआयडीसीत कंत्राटावर कॉइल गुंडाळते. साहेबाने चुकीचा माल लावला की कागद माझ्यापुढे येतो. खाली छापलेलं असतं, 'चूक मान्य आहे'. मी सही करत नाही. यापायी दोन कारखान्यांतून काढलं. इथूनही काढतील.

अण्णा आता नाहीत. काही केलेलं नसताना आयुष्यभर 'चुकलं' म्हणत राहिले. माझ्या तोंडून तो शब्द ऐकायचा असेल, तर आधी माझी चूक दाखवा.