हवालदार आबांचा टँकर

दुष्काळात पाणी कमी पडतं, किस्से मात्र ढिगानं साठतात. मी तेव्हा उदगीरकडच्या एका कचेरीत टंचाईच्या टेबलावर होतो. म्हणजे ज्याच्या घरी पाणी नाही, त्यानं आधी मला शिव्या घालायच्या आणि मग अर्ज द्यायचा! लातूर जिल्हा तर नवाकोरा. पाट्या नव्या, शिक्के नवे, पण फायली अजून जुन्या जिल्ह्यातून रखडत येत होत्या. शिव्या देणारे सगळे विसरलो. हवालदार आबा विसरता येत नाहीत.

आबा म्हणजे ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलेले आणि धड परत आलेले म्हातारे. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहायचे. टँकर यायचा, गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि वस्ती कोरडीच राहायची. आबांचं मागणं एकच, वस्तीच्या विहिरीत वेगळी खेप टाका.

*

पहिल्याच दिवशी दारात टाचा जुळवून ते ओरडले, "हवालदार हाजिर!"

आमचे अव्वल कारकून भाऊसाहेब दचकून खुर्चीतून उठले. उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथले साहेब आपणच! पण लगेच बसायचं कसं? बिचाऱ्यांनी आख्खा अर्ज उभ्यानंच वाचला.

अर्ज तरी केवढा? 'वस्तीला पाणी नाही. पाठवा.'

भाऊसाहेब म्हणाले, "असं चालत नसतं आबा. सविस्तर कारण लिहावं लागतं."

आबांनी माझा पेन घेतला आणि खाली लिहिलं, 'कारण : तहान.'

*

पुढच्या सोमवारी भाऊसाहेबांनी नवीन ढाल काढली. "तुमच्या वस्तीची फाईल अजून जुन्या जिल्ह्यात अडकलीय."

"फाईल तिकडंच हाय?"

"हाव."

"मंग तहान कशी काय हिकडं आली?"

*

त्यानंतर आबांची काठी वाजली की भाऊसाहेब रेकॉर्डरूममध्ये गडप! आम्ही सांगायचो, साहेब दौऱ्यावर आहेत.

एकदा आबा सरळ रेकॉर्डरूमच्या दाराशी मांडी घालून बसले. तासाभरानं आतून शिंक आली. आबा शांतपणे म्हणाले, "बसा, बसा, साहेब. जपानी मानूस झाडावर तीन तीन दिवस लपून राहायचा. त्याला लघवीची बी फिकीर नसायची. तुमचं कसं काय?"

दहा मिनिटांत दार उघडलं.

*

एक मेच्या झेंडावंदनाला नव्या जिल्ह्याचा उत्साह उतू जात होता. माजी सैनिकांचा सत्कार ठरला. शाल, नारळ, हार. पाहुणे म्हणाले, "आबा, युद्धातला एखादा थरारक प्रसंग सांगा!"

आबा माईकपुढं आले. "तिकडं लई पाऊस व्हता. वर्षभर अंगावरचे कपडे वाळले न्हाईत. हितं आमच्या वस्तीला टँकर द्या. जय हिंद!"

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी तोच नारळ घेऊन आबा कचेरीत आले. माझ्या टेबलाच्या कडेवर फोडला, पाणी माझ्या पेल्यात ओतलं आणि म्हणाले, "बाबू, सरकारनं आमच्या वस्तीला दिलेलं पानी एवढंच. मिळाल्याची सही करून देतो, कागद काढा."

तोवर मी प्रत्येक किस्सा घरी जाऊन बायकोला हसत हसत सांगितला होता. हा सांगता आला नाही. खरंच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूर गाठलं, तिथं दोन दिवस ठाण मांडलं आणि वस्तीच्या खेपेचा हुकूम सहीशिक्क्यासह हातात घेऊनच परतलो. भाऊसाहेब म्हणाले, "सुटलो बुवा!"

*

पहिली खेप बघायला मी टँकरबरोबर गेलो. वस्तीच्या विहिरीत पाणी पडलं. आबांनी घागरींची रांग लावली होती, शाळेतल्या पोरांची लावावी तशी. बाया हसत होत्या आणि आबा काठी आपटून सगळ्यांना गप्प करत होते.

नेमका त्याच दिवशी गावचा टँकर बिघडला. वस्तीचं भरून होत आलं, तोच वाटेवर गावचे सरपंच दिसले. खांद्यावर घागर. म्हातारी आई घरात तापानं फणफणली होती आणि गावात थेंब नव्हता. याच सरपंचांच्या गावविहिरीवर वस्तीच्या बाया लांब उभ्या राहायच्या आणि गावातलं कुणीतरी वरून त्यांच्या घागरीत ओतायचं. पायरीवर पाय ठेवायचा नाही, पोहऱ्याला हात लावायचा नाही.

सरपंच आमच्यापासून दहा पावलांवर थांबले. पुढं येईनात, मागं जाईनात. घागर पुढं धरली आणि खाली बघत म्हणाले, "हवालदार, आई आजारी हाय."

आबांच्या सुनेनं भरलेली कळशी उचलली आणि त्यांच्या घागरीत ओतायला निघाली.

"थांब, सूनबाई!"

आबा उठले, विहिरीवर गेले आणि पोहऱ्याचा दोर सरपंचांकडं धरला.

"सरपंच, आजारी मानसाला रांग न्हाई, पुढं या. पन वरून वतायची पद्धत आमच्यात न्हाई. वर चढा, आन् आपल्या हातानं शेंदा!"