सातशे पानांत न मावलेली चूक

"तुमच्या जपानमध्ये कुणी मोघे आहेत का?"

पुण्याहून केळकर सरांचा फोन. ते आमच्या प्रकाशन संस्थेचे मालक आणि मी त्यांच्याकडे संपादक. नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योला आले, निशी-कसाईत बिऱ्हाड थाटलं, तरी काम तेच राहिलं. आलेली हस्तलिखितं वाचायची आणि छापण्याजोगी कोणती ते सरांना कळवायचं.

"जपान मोठा आहे, सर."

"नागोयाला असतात. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. त्यांचं पुस्तक मी नाकारलं. तेव्हापासून दर सोमवारी मेल येतो, 'नाकारण्याचं मूळ कारण लेखी कळवावे.' सोबत फॉर्म असतो. मी भरायचा!"

"मग भरा ना."

"तुम्ही भरा. तुमच्याच गावचे आहेत."

नागोया माझ्यापासून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पावणेदोन तास. पण पुण्यातून पाहिलं की सगळा जपान एकाच गल्लीत राहतो.

मी सरांकडून ते हस्तलिखित मागवून वाचलं आणि मोघ्यांना फोन केला. पुढच्याच शनिवारी, ठरल्या वेळेच्या बरोबर पाच मिनिटं आधी, ते दारात हजर. साठीला आलेले, इस्त्रीचा शर्ट. पाठीवरच्या सॅकमध्ये हस्तलिखित. सातशे बारा पानं, प्रत्येक प्रकरणाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी.

"किती प्रकाशकांना पाठवलंत, सर?"

"अकरा. एकाच मेलमध्ये."

"म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या दहांची नावं दिसली?"

"हो. पारदर्शकता."

मी चहा ठेवला. मग समजावलं की अकरा जणांना एकदम बोलावणं गेलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी वाचेल. आपल्या विषयाची पुस्तकं काढणारा एक प्रकाशक निवडायचा, नाव घालून पत्र लिहायचं आणि तीन महिने गप्प बसायचं. शेवटच्या चार शब्दांशी ते थोडे अडले, पण वहीत लिहून घेतले.

"आता मूळ कारण," ते म्हणाले. "आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्याला खरं कारण सापडतं. केळकरांनी का नाकारलं?"

"शेवटपर्यंत वाचवलं नाही म्हणून."

"का?"

"जपान दोनशे चाळिसाव्या पानावर येतो. तोवर सांगलीत तुमची मुंजच चालू आहे."

"ती कुणी वाचणार नाही? का?"

"तुमचा वाचक ठरलेला नाही. कोणासाठी लिहिलंत?"

"सर्व वयोगटांतील मराठी वाचकांसाठी."

"असा माणूस मला अजून भेटलेला नाही, सर."

ते हसले. मग बाहेर बघत म्हणाले, "मार्चमध्ये रिटायर होतोय. सांगलीला परत. मुलगी इथेच राहील, तिला मराठी वाचता येत नाही. सहा वर्षं रविवार-रविवार बसून लिहिलं. एकवीस वर्षं इथे होतो, त्याचं काहीतरी हातात असावं."

यावर चेष्टा सुचली नाही. मी खरं तेच सांगितलं. "मी सगळं वाचलंय. भाषा स्वच्छ आहे. पण मन कुठे गुंतलं नाही."

"का?" आवाज आता इन्स्पेक्शनचा नव्हता.

"कारण सातशे बारा पानांत तुम्ही एकदाही चुकत नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"चुकलो की. पहिल्याच वर्षी."

एका क्लिपच्या ड्रॉइंगवरचा आकडा त्यांनी चुकीचा वाचला होता. तीनचा आठ. चुकीच्या क्लिपांच्या पेट्या ग्राहक कंपनीत पोचल्या आणि तिथली लाइन अर्धा दिवस बंद पडली. त्यांचे साहेब इतो-सान त्यांना घेऊन तिथे गेले, सगळ्यांसमोर कमरेत वाकले आणि म्हणाले, "चूक माझी आहे."

"परतताना त्यांनी कोंबिनीपाशी, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानापाशी, गाडी थांबवली. मला ओनिगिरी घेऊन दिली, भाताचा मुटका असतो ना, तो. आत उमेबोशी होतं, ते खारट-आंबट फळ. मला मुळीच आवडत नाही. पण रडत रडत सगळं खाल्लं. इतो-सान रस्त्याकडे बघत बसले."

"हे पुस्तकात कुठे आहे?"

"हे कसं लिहिणार, मॅडम? मी क्वालिटीचा माणूस."

"हेच पहिलं प्रकरण."

त्यांना मी तीन गोष्टी करायला सांगितल्या: एका पानाचं पत्र, एका पानाचा सिनॉप्सिस, म्हणजे पुस्तकाचा गोषवारा, आणि नमुन्याची दोन प्रकरणं. बाकीचं प्रकाशकाने मागितल्यावर पाठवायचं. पुढचे दोन महिने कापाकापीत गेले. मध्ये एकदा मेसेज आला, 'मुंज अर्ध्या पानात ठेवू?' मी कळवलं, 'एका ओळीत.' सातशे बाराची एकशे नव्वद झाली.

केळकर सरांनी पहिलं प्रकरण वाचून मला फोन केला. "त्या इतो-सानचं पुढे काय झालं हो?" आमच्या धंद्यात मालकाने 'पुढे काय' विचारलं की पुस्तक स्वीकारलं असं समजायचं.

पुस्तक निघालं. सांगलीला परतण्याआधी मोघे पहिली प्रत घेऊन इतो-सानकडे गेले. ते आता ऐंशीचे आहेत, गावाकडे भाजी लावतात. मोघ्यांनी त्यांना पहिलं प्रकरण जपानीत समजावून सांगितलं. संध्याकाळी मला फोन आला.

"मॅडम, गंभीर चूक आहे पुस्तकात!"

"प्रूफची?"

"नाही हो. इतो-सान म्हणतात, तो आकडा त्यांनीच ड्रॉइंगवर हाताने सुधारला होता, आणि घाईत तीन आठसारखा लिहिला गेला. 'चूक माझी आहे' हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. एकवीस वर्षं मी तो मोठेपणा समजत होतो!"

"रागावले का?"

"नाही. पोट धरून हसले. मग दोन मुळे दिले."

दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीत करू, असं मी सांगितलं. दुसरी आवृत्ती अजून निघायची आहे. नव्या लेखकांना आता मी आणखी एक गोष्ट सांगते. पुस्तकातली माणसं हयात असतील, तर छापण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवा. छापल्यानंतर ती खरं बोलायला लागतात.