अक्काची संकष्टी आणि माझा चंद्र

आमच्या अक्काच्या गुडघ्यांमुळे मला चंद्राचा फोटो काढावा लागला.

अक्का म्हणजे माझी आई. तिची संकष्टी एकदम कडक. दिवसभर पोटात फक्त पाणी आणि चंद्र दिसल्यावर जेवण. पण धुळ्यातल्या आमच्या घरापुढे तीन मजली इमारत झाली आणि अंगणातला चंद्र गच्चीवर गेला. त्यात त्या दिवशी अक्काचे गुडघे सुजले.

"खुर्चीसकट वर नेऊ का?" मी विचारलं.

"माले पाडशी तू! पन चंद्र दखाशिवाय मी घास घेवाव नही."

मी जळगावहून नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. (बायकोच्या मते उगाच!) म्हटलं, अक्का वर येत नाही ना, मग चंद्रच खाली आणतो!

पहिला फोटो घेऊन धावत खाली आलो.

"हाऊ तं दिवा शे!" अक्का म्हणाली. फोटोत नुसता पांढरा गोळा होता.

पुन्हा वर गेलो. पूर्ण झूम केलं, तर चंद्र बेडकासारखा चौकटीबाहेर उड्या मारायला लागला! कसाबसा पकडून खाली नेला.

"तीन शेत. कोनले हात जोडू?"

"अक्का, हात हलला गं, म्हणून एकाचे तीन चंद्र झाले."

"अहो, जेवू द्या त्यांना!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "मोदक गार झाले!"

पण आता मी पेटलो होतो. पाण्याच्या टाकीवर पापडाचा डबा, डब्यावर कॅमेरा. उजेड कमी केला, टायमर लावला आणि श्वास रोखून उभा राहिलो. (डासांनी तेवढ्यात जेवून घेतलं.) खट्! एका बाजूने किंचित झिजलेला, डागांसकट, स्वच्छ चंद्र!

जिना उतरताना मीच चार बोटं जमिनीच्या वर होतो. कॅमेरा अक्कापुढच्या ताम्हनात उभा केला. (ही माझीच कल्पना! फोटोला मान नको का?)

अक्काचे डोळे भरून आले. "वा रे मना लेक!" तिने हात जोडले, फूल वाहिलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी कौतुकाने बायकोकडे बघत होतो. तेवढ्यात अक्काने तांब्या उचलला.

"अक्का, थांब! थांब!"

"अर्घ्य दिधाशिवाय उपास कशा सुटी?"

आणि अख्खा तांब्या चंद्रावर ओतला!

कॅमेरा एकदा चमकला, कुरकुरला आणि काळा पडला.

"ढगमा गया वाटतं," अक्का समाधानाने म्हणाली. "बरं जयं, मी आधी दखी लिधा."

मग तिने पाच मोदक खाल्ले. मी कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरत बसलो. ताट समोर आलं, पण घास घशाखाली उतरेना.

सकाळपासून दोनदा खिचडी हाणलेल्या मला आयुष्यातली पहिली कडक संकष्टी घडली, तीही चंद्र उगवल्यानंतर!