पोल्ट्रीवरची बॅटरी आणि माझं डोकं

कोंबड्यांच्या शेडवर सोलर आणि बॅटरी बसवायचं काम मी करतो. उन्हाळ्यात लाईट गेली, पंखे थांबले की पक्षी पटापटा मरतात. इतक्या गंभीर कामात किस्से कसे साठतात, विचारू नका! आमची गिऱ्हाईकं ते घरपोच देतात.

*

सुप्याहून तक्रार आली, "चार्जिंगच हुत न्हाय." गेलो तर सगळ्या पॅनलवर कुरडया वाळत घातलेल्या!

"अहो आक्का, हे काय?"

"हितं कुत्रं चढत न्हाय, कोंबडी चढत न्हाय. येवढं चांगलं ऊन वाया घालवू व्हय?"

वर मलाच कुरडया तळून दिल्या. खाल्ल्या. काय करणार!

*

इंदापूरकडचे एक आबा. लाईट गेलेली आणि शेडवर भाड्याचा जनरेटर धडधडतोय. बॅटरीवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"आबा, बॅटरी का नाही लावली?"

"नवी हाय! अडीअडचणीला ठिवलीय."

"मग लाईट गेली ही काय?"

"ही तर रोजचीच हाय की!"

*

एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एकाचं गावात छोटं शेड आहे. त्याचा फोन आला.

"साहेब, फॉल्ट हाय. सगळ्या गावाची लाईट गेली, आमचीच चालू हाय!"

"अरे बाबा, त्यासाठीच बसवलीय ना!"

"व्हय, पण बायको म्हणली, एकदा ईचारून घ्या."

*

खंडेनवमीला एकानं पॅनलची पूजा केली. प्रत्येक काचेवर कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक, वर झेंडूच्या माळा. म्हटलं, सावली पडते, काढा. तर म्हणाला, "दसऱ्याच्या आत पूजा हलवायची? तुमीच हलवा, आन् काय झालं तर तुमीच निस्तरा." मी हात लावला नाही.

*

आणि कळसच्या वैशालीताई. भर दुपारी रडतच फोन. "दादा, लाईट गेली, पंखंबी बंद पडलं! पक्षी धापा टाकत्यात. उद्या पक्षी न्यायला गाडी यायची हाय, सगळी बॅच जाईल!" मी डबा अर्धा टाकून गाडीला किक मारली.

पोचलो तर त्या शेडमध्ये बादलीनं पाणी शिंपडत होत्या. सासरे, म्हणजे तात्या, मघाशीच बॅटरी बघायला गेले होते. मी शेडशेजारच्या बॅटरीच्या खोलीत शिरलो. घरातला कूलर बॅटरीकडं तोंड करून लावलेला, आणि चाललाय त्याच बॅटरीवर!

"तात्या, पंखे कुणी बंद केले?"

"मीच. पंख्यांनी बॅटरी तापाय लागली. तुमीच म्हणला हुता, तिला तापू दिऊ नका."

"अहो, आणि पक्षी?"

"त्येंचीबी सोय केलीय की!"

कूलरच्या वाऱ्यात दहा-बारा कोंबड्या मांडून ठेवलेल्या. "लई दमलेल्या तेवढ्या हितं आणतोय," तात्या म्हणाले.

कपाळावर हात मारायलाही वेळ नव्हता. कूलरची पिन उपटली, पंखे चालू केले, शेडकडं पळालो. हळूहळू पक्ष्यांच्या माना वर यायला लागल्या. बॅच वाचली. वैशालीताईंनी बादली खाली ठेवली.

घामानं निथळत खोलीत परत आलो. बघतो तर तात्यांनी पिन पुन्हा खोचलेली, कूलर घुमतोय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी दोन कोंबड्या प्रेमानं बाजूला सरकवल्या.

"तुमीबी लई दमलाय. या, बसा हितं!"