फाइलीत नसलेले चार महिने

२२ जून, शनिवार. पहिला हप्ता ३५,४०० रुपये, जीएसटी धरून. हजर: मी, बायको, बारावीत गेलेली मुलगी आणि प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या बाई, वयाने माझ्या भाचीएवढ्या. एकूण तीन हप्ते होते. एक त्या दिवशी, दुसरा अर्ज पाठवताना, तिसरा निकालानंतर. निकाल कोणताही लागला तरी तिसरा द्यायचा, असं कराराच्या चौथ्या कलमात होतं. मी ते वाचून सही केली.

मुलीला एका खाजगी विद्यापीठात जायचं होतं. तिथे दोन वर्षं विषय पक्का करावा लागत नाही, गणिताबरोबर इतिहासही घेता येतो, एवढं तिला आवडलं होतं. तिने आजवर कशाचाच हट्ट धरला नव्हता. हा पहिलाच. पण तिथे येणाऱ्या अर्जांतले बहुतेक परत जातात, म्हणून सल्लागार.

मी बरोबर तिची फाइल नेली होती. अडतीस प्रमाणपत्रं, प्रत्येक प्लास्टिकच्या खिशात, पुढे अनुक्रमणिका. मी कारखान्याच्या लेखा विभागात आहे, फाइल लावायची सवय आहे. अबॅकस, हार्मोनियमची प्रवेशिका, बुद्धिबळ, आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या मराठी मंडळाची पाठांतर स्पर्धा, चित्रकला, कराटेचा पिवळा पट्टा. आमच्या घरचा नियम होता: एक क्लास एक वर्ष, प्रमाणपत्र मिळालं की पुढचा. सगळं थोडं थोडं यायला हवं, असं माझे वडील म्हणत, मीही म्हणत आलो.

बाईंनी फाइल शेवटपर्यंत चाळली. म्हणाल्या, "अंकल, फाइल बहुत सुंदर है. पर इसमें लड़की कहाँ है?"

मी म्हटलं, "हर सर्टिफिकेट पर नाम है."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. बाई मुलीकडे वळल्या. "बेटा, एक चीज़ बताओ, जिसके बिना तुम रह ही नहीं सकती."

"चाय," मुलगी म्हणाली.

बाईंनी ते लिहिलं आणि खोडलं. मग आम्हाला समजावून सांगितलं की आता सगळं थोडं थोडं येणाऱ्यांना कोणी विचारत नाही. एकच ध्यास लागतो, तोही लहानपणापासूनचा. नसेल तर सहा महिन्यांत तयार करता येतो. त्यांच्याकडे तीन विषय तयार होते: तलावाची सफाई, बाजरीचा प्रचार आणि वस्तीतल्या मुलांना शिकवणं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'बहुआयामी' हा शब्द सात वेळा आला होता. मी मोजला होता, बोललो नाही.

घरी येऊन मी माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या. रोजचा खर्च मी लिहून ठेवतो, तिच्या क्लासच्या फीसकट. वाटलं, एखादी गोष्ट नजरेतून सुटली असेल. सुटली होती. ती आठवीत असतानाची नोंद: 'रोइंग, बडा तालाब, महिना ३००.' शहरातल्या तलावावर वल्ही मारायच्या क्लासच्या अशा चार नोंदी. पाचव्या महिन्यात माझ्याच अक्षरात: 'बंद केले. कारण: राज्यपातळीपर्यंत प्रमाणपत्र नाही.'

म्हणजे एकच गोष्ट अशी होती जी फाइलीत नव्हती, आणि ती तिथे का नव्हती तेही मीच लिहून ठेवलं होतं. तेव्हा ती पहाटे गजर व्हायच्या आधी उठून बसायची, हे डायरीत नव्हतं. ते बायकोने आठवण करून दिलं. "अहो, तुम्हीच तर तिला न्यायचात. स्कूटरवर मागे बसून ती पूर्ण रस्ताभर बोलायची. क्लास बंद झाल्यावर गप्प झाली."

मी दुसऱ्याच दिवशी बाईंना फोन केला. त्या खूश झाल्या. "यही तो चाहिए था, अंकल! और बंद किसने कराया?"

"मैंने."

"और भी अच्छा. संघर्ष आ गया."

निबंधाचा आराखडाही त्यांनी पाठवला. पाण्याचं वेड असलेली मुलगी, आकडे बघणारा बाप, हिरावून घेतलेली वल्ही. मला तो तीनदा वाचावा लागला. मग मी मुलीला म्हटलं, "लिही. माझी हरकत नाही."

ती जेवत होती. "काय लिहू?"

"हेच. की मी बंद केलं."

"बाबा, मला ते आवडत होतं, बस इतकंच. आठ जणींत मी पाचवी यायचे. बंद झालं तेव्हा दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी चेसचा क्लास होता. याचं वेड कुठून आणू आता? आणि तुम्हाला व्हिलन करू?"

"कर की. प्रवेश मिळत असेल तर कर."

"पण तुम्ही व्हिलन पण नव्हता ना. तुम्ही नुसतं सर्टिफिकेट मागत होता."

बायको म्हणाली, "पोळी घे अजून."

मुलीने निबंध स्वतः लिहिला. आपल्याला एकच असं वेड नाही, अकरा गोष्टी एकेक वर्ष शिकले, सगळ्या अर्धवट येतात, त्यातली कुठली पुढे न्यायची ते अजून कळलेलं नाही, म्हणूनच तुमच्याकडे यायचं आहे. रोइंगला त्यात एक वाक्य होतं. मला एकही नव्हतं. बाईंनी वाचून मान हलवली. "ईमानदार है. पर ईमानदारी कोई ऐक्टिविटी नहीं है." मुलीने बदलायला नकार दिला. मी दुसरा हप्ता भरला आणि अर्ज गेला.

मार्चमध्ये उत्तर आलं, चार ओळींचं. यंदा जागा देऊ शकत नाही. मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. मुलीने मोबाइल मला दाखवला आणि गणिताचा पेपर परवा आहे म्हणून आत गेली. त्या दिवशी ती रडली की नाही, मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी क्लास नव्हता.

बाईंच्या आराखड्याप्रमाणे निबंध पाठवला असता तर घेतलं असतं का, याचा हिशेब मी करून पाहिला. होत नाही. विद्यापीठाने घेतलं असतं तर ते माझ्या चुकीमुळे, नाही घेतलं तेही माझ्याच चुकीमुळे. मुलगी दोन्हीकडे कुठेच नाही. बाईंनी पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं, आणि मी नावं दाखवत बसलो होतो.

आता ती इथल्याच सरकारी कॉलेजात बी.एस्सी. करणार आहे, गणित घेऊन. इतिहास त्याच्याबरोबर मिळत नाही.

पाच एप्रिलला मी तिसरा हप्ता द्यायला गेलो. मुलगी बरोबर होती. बाई म्हणाल्या, "अंकल, पाँच हज़ार कम दे दीजिए, मुझे भी बुरा लग रहा है." मी म्हटलं, करार करार आहे. पावतीवर लिहिलं होतं: 'प्रोफाइल निर्मिती, पूर्ण.' जिना उतरताना मुलगी म्हणाली, "बाबा, ही पण लावा ना फाइलमध्ये. एकोणचाळिसावं."

लावली नाही. ३५,४०० रुपये, धनादेशाने, सल्लागार बाईंच्या संस्थेला दिले. तिन्ही हप्ते मिळून १,०६,२००. रोइंगच्या कोचना चार महिन्यांचे १,२०० दिले होते.