मुलुंडचं घर आणि माझा होकार

आमचं मुलुंडचं घर विकायचं राहून गेलं ते माझ्यामुळे, असं घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. सर्वानुमते म्हणजे त्यात मीही आलो.

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. आजोबांनी बांधलेल्या त्या अकरा खोल्यांत आम्ही तेवीस माणसं राहत होतो. घर विकून प्रत्येकाने आपापला संसार थाटावा, असं एकदाचं ठरलं. सगळ्यांत जास्त घाई मला होती, कारण माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि आमच्या वाट्याला दिवाणखान्याचा एक कोपरा आला होता. पुढे जुन्या धोतराचा पडदा, आत आम्ही दोघं आणि घरातलं तांदळाचं पिंप. त्यामुळे आमच्या संसारात कोणीही केव्हाही माप घेऊन शिरत असे.

सुमन, म्हणजे माझी बायको, एक दिवस शांतपणे म्हणाली, "दादरला दोन खोल्या बघा, नाहीतर मी माहेरी जाते. तिथलं पिंप निदान स्वयंपाकघरात आहे."

दलालाने गिऱ्हाईक आणलं. आडनाव देसाई, डोक्यावर काळी टोपी, अंगात पांढरा लांब कोट. म्हणजे गुजराती, असं मी ताडलं (माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरत नसे). मी त्यांना हिंदीत घर दाखवलं.

"ये दिवाणखाना है. इधर हवा बहोत आता है."

"हां, बहोत आता है," ते म्हणाले. त्यांची हिंदी माझ्याइतकीच वाईट होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता!

भिंतीला ओल होती तिथे मी पाठ लावून उभा राहिलो. फुटक्या फरशीवर सुमनने रांगोळी काढली होती. देसाईंना घर पसंत पडलं आणि विसार द्यायला त्यांनी खिशात हात घातला. तेवढ्यात तात्या उठले.

तात्या माझे थोरले काका, घरातले कर्ते, मूळचे कणकवलीकडचे. कुठलंही मोठं काम करण्याआधी देवापुढे विडा-नारळ ठेवून ते गाऱ्हाणं घालत. म्हणजे देवाला सगळं मोठ्याने सांगायचं, काही लपवायचं नाही, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. धाकट्या काकांनी त्यांना खुणेने थांबवायचा प्रयत्न केला. मीच ऐटीत म्हणालो, "घालू देत गाऱ्हाणं. देसाईंना मालवणी कुठे कळतंय!"

तात्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, पडवीची कौलां दर पावसाक गळतत, तेचो तरास नव्या धन्याक होवक देव नको."

"व्हय म्हाराजा!" मी सगळ्यांत मोठ्याने.

"बावीचा पाणी चैतात आटता, ता आटाक देव नको."

"व्हय म्हाराजा!"

"फाटल्या दारी बिळात जनावर असा. तेका नव्या धन्याची वळख करून दी."

"व्हय म्हाराजा!" मागच्या दारच्या या सापाला होकार भरताना माझ्या मागून एक नवा आवाज आला. वळून पाहिलं तर देसाई डोळे मिटून, हात जोडून उभे. गृहस्थ सावंतवाडीचे निघाले.

तात्या मात्र रंगात आले होते. त्या भरात त्यांनी शेवट केला तो दर सणाला करत तोच. "आणि ह्यां घर आमच्याच कुळाच्या हातात ऱ्हवांदे, पोराबाळांनी भरलेला ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडलो. देसाईसुद्धा. सगळ्यांत वरचा आवाज माझा.

देसाईंनी जोडलेले हात सोडले, पण ते पुन्हा खिशाकडे गेले नाहीत.

"कौलां गळतत ता चलात. जनावरय चलात," ते म्हणाले. "पण देवासमोर व्हय म्हटलंय मी. आता ह्यां घर घेवन तोंड खंय दाखवू?" खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून तोंडात टाकून ते निघून गेले. त्यानंतर तात्यांनी कोणाला घर दाखवू दिलं नाही, कारण देवापुढे सगळ्यांचा होकार झाला होता.

सुमन माहेरी गेली नाही, हे माझं नशीब. देवाने तात्यांचं मागणं अगदी शब्दशः मानलं. घर आमच्याच हातात राहिलं आणि पोराबाळांनी भरलंही. त्यातली पाच आमची, पिंपाला धरून चालायला शिकलेली. सुमन अजून म्हणते, "अहो, इतक्या मोठ्याने व्हय म्हणायची काही गरज होती का?"